दुकानात माल एकही नाही!

मुलामुलींनो, दुकान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? वाण्याकडे डाळ-तांदळाची पोती, स्टेशनरीवाल्याकडे वह्या-पेनं, मिठाईवाल्याकडे... नको, मिठाईचं नाव काढलं तर तुम्ही हे पान सोडून आईच्या मागे लागाल! माझंही एक दुकान आहे बरं का. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या एका गल्लीत, आठ बाय दहा फुटांचा गाळा. आत एक टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या आणि भिंतीवर भारताचा भला मोठा नकाशा. विकायला ठेवलेली वस्तू मात्र एकही नाही! तरी लोक येतात, पैसे मोजतात आणि एक कागद घेऊन जातात. आता तर कागदही लागत नाही, मोबाइलवर संदेश गेला की झालं.

मी ट्रॅव्हल एजंट आहे. दुसऱ्यांच्या प्रवासाची सोय लावून देणं हा माझा धंदा, आणि तो माझा स्वतःचा आहे. म्हणजे मला साहेब नाही आणि पहिल्या तारखेला पगारही नाही! आमच्या सोसायटीतली दहावी-बारावीची मुलं विचारतात, "मावशी, आम्हालाही असं काही सुरू करता येईल का?" त्यांना जे सांगते तेच तुम्हाला सांगते. आईबाबांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे पैशांचं बोलणं आहे.

हा धंदा एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने जगाला शिकवला असं सांगितलं तर खरं वाटेल? त्याचं नाव थॉमस कुक. इंग्लंडमधला हा गृहस्थ दारूबंदीचा कट्टर प्रचारक होता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर गावातून सुमारे ५०० माणसं आगगाडीने लफबरो गावी दारूविरोधी सभेला नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. अंतर किती? जेमतेम १८ किलोमीटर! भाईंदरहून लोकल पकडून गोरेगावच्या थोडं पुढे गेलात की तेवढंच होतं. आपली माणसं एवढा प्रवास रोज दाराला लटकून करतात. पण गंमत पाहा. कुकची स्वतःची गाडी नव्हती, रूळ नव्हते, इंजिन नव्हतं. त्याच्याकडे होता तो रेल्वेशी केलेला ठराव आणि लोकांनी आधी हातात दिलेले पैसे. पुढे त्याची कंपनी जगभर पसरली, १८८१ मध्ये आपल्या मुंबईतही तिची कचेरी उघडली.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर केसरी पाटील यांची सांगावी. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवरच्या पालघर भागातले हे गृहस्थ आधी शाळेत शिक्षक होते. मग भावाच्या 'राजा-राणी ट्रॅव्हल्स'मध्ये काम करून ते हा धंदा शिकले आणि १९८४ साली, म्हणजे बऱ्याच वयाचे झाल्यावर, त्यांनी 'केसरी टूर्स' काढली. मराठी माणूस विमानात बसून सिंगापूरला गेला आणि तिथे वरण-भात जेवला, त्यामागे अशा मंडळींचे कष्ट आहेत. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' ही वेगळी कंपनी काढली.

हे झाले मोठे लोक. माझं काम चिमुकलं. बी.कॉम. झाल्यावर बोरिवलीच्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी सहा वर्षं नोकरी केली. तिकिटं कशी काढायची हे महिन्याभरात येतं हो, पण चिडलेल्या गिऱ्हाइकाशी न चिडता कसं बोलायचं, हे शिकायलाच सहा वर्षं गेली! २००९ मध्ये मी गाळा भाड्याने घेतला, दुकानाचा गुमास्ता परवाना काढला, बँकेत चालू खातं उघडलं आणि रेल्वे तिकिटांसाठी आयआरसीटीसीची अधिकृत एजंट झाले. मुहूर्त मात्र छानच साधला होता. २००८ च्या सुमारास विमान कंपन्यांनी एजंटांना दर तिकिटामागे मिळणारं कमिशन बंद करून टाकलेलं! सासरे म्हणाले, "अगं, गाडी सुटल्यावर स्टेशनात कसली शिरतेस?"

आता पैशांचं. रेल्वेच्या एका तिकिटावर सहा जणांची नावं घालता येतात. त्या अख्ख्या तिकिटामागे स्लीपरला २० आणि एसीला ४० रुपये, एवढंच सेवाशुल्क अधिकृत एजंटाने घ्यायचं असतं. करा बरं हिशेब! दिवसाला दहा तिकिटं काढली तरी गाळ्याचं भाडं निघत नाही. मग घर कशावर चालतं? हॉटेलवाला खोलीच्या भाड्यातले शंभरामागे दहा-पंधरा रुपये देतो, गाडीवाला थोडे देतो, आणि पूर्ण सहल आखून दिली तर मेहनतीचे म्हणून मी उघडपणे सांगून घेते. पहिली दोन वर्षं यजमानांच्या पगारावर घर चाललं, हेही सांगून टाकते. ज्यांच्या घरी असा आधार नसेल त्यांनी नोकरी सोडायची घाई करू नये.

माझ्या भिंतीवर नकाशा आहे, तसं एक कॅलेंडरही आहे. ते शाळेच्या कॅलेंडरपेक्षा निराळं. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये किती गावांची माणसं राहतात पाहा! मे महिन्यात मारवाडी कुटुंबं राजस्थानला निघतात. गणपतीला आम्ही कोकणातले चाकरमानी. ८ सप्टेंबरच्या सणाला उत्तनकडचे ख्रिस्ती बांधव थेट तमिळनाडूतल्या वेलंकणीला. दिवाळीनंतर छठपूजेला उत्तर भारतीय मंडळी. जैन यात्रेकरू पालिताण्याला आणि सम्मेद शिखरला, नया नगरमधली मंडळी अजमेरच्या उरुसाला. कोणाचा सण कधी आणि त्याची गाडी कुठून, हे मला पाठ असावं लागतं. कारण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या भाईंदरला थांबतच नाहीत. बोरिवली नाहीतर वसई रोड गाठायचं. कोकणात जायला आम्ही वर्षानुवर्षं सामानाची बोचकी घेऊन दादर नाहीतर पनवेलला धावलो. ऑगस्ट २०२४ मध्ये बोरिवली-वसईमार्गे वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते!

गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं तो दिवस म्हणजे आमची बोर्डाची परीक्षा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी १२० दिवस असायचं. सकाळी आठला सुरू, आणि पाणी प्यायला उठावं तोवर वेटिंग लिस्ट! मग लोक पैसे दाखवतात. "ताई, दुप्पट घ्या, पण कन्फर्म द्या." एकदा एक ओळखीचा माणूस दुकानात येऊन बसला. खोट्या नावांनी तिकिटं आधीच अडवून ठेवायची आणि ऐनवेळी चढ्या भावाने विकायची, अशी त्याची योजना. एका हंगामात स्कूटर घेशील, म्हणाला. रेल्वे कायद्याचं कलम १४३ आहे. विनापरवाना तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला कायद्याची भीती वाटली का? वाटली ना! पण त्याहून जास्त डोळ्यांसमोर आला तो सकाळी खिडकीवर रांगेत उभा राहून हात हलवत परत जाणारा माणूस. अडवलेली जागा त्याचीच असते. मी नाही म्हटलं, आणि त्या वर्षी माझी चार-पाच गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली ती गेलीच.

या धंद्यातली खरी जोखीम मात्र वेगळी आहे. लोक पैसे आज देतात आणि प्रवास दोन महिन्यांनी करतात. मधल्या काळात ते पैसे कोणाचे? खुद्द थॉमस कुकची इंग्लंडमधली १७८ वर्षांची कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी एका रात्रीत बंद पडली. सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले, सरकारने विमानं पाठवून त्यांना घरी आणलं. (भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची, तिला काही झालं नाही.) ती बातमी वाचून मी मान हलवली आणि कामाला लागले. सहा महिन्यांत माझ्याच दारात तोच प्रश्न उभा राहणार आहे हे कुठे ठाऊक होतं!

एप्रिल २०२० मध्ये १८ जणांची केरळ सहल ठरली होती. बहुतेक आमच्याच गल्लीतले, त्यांत दोन रिक्षावाले, एक शिंपी आणि राई गावच्या एक आजी. आजींनी तरुणपणी मिठागरात काम केलेलं. पाण्यात तरंगणारं घर बघायची त्यांना फार हौस. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करोनामुळे गाड्या बंद झाल्या, सारा देश घरात बसला. रेल्वेने तिकिटांचे पैसे परत केले. ते माझ्या खात्यात आले तसे मी ज्याचे त्याला पाठवून दिले. अडकले ते हॉटेल आणि हाऊसबोटीसाठी आगाऊ दिलेले ७४,००० रुपये. तिथला मालक म्हणाला, "पैसे जमा आहेत, पुढे कधीही या. परत द्यायला माझ्याकडे नाहीत." त्याच्याकडेही नोकरमाणसं होतीच की. आणि माझ्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं : हॉटेलची आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. म्हणजे कायद्याने मी मोकळी होते.

पण रिक्षा दाराशी उभी, शिलाईचं मशीन बंद, आणि हे लोक माझ्याकडे पाहून पैसे देऊन गेलेले. केरळच्या त्या मालकाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. यजमान आणि मी तीन रात्री हिशेब मांडला. शेवटी एक मुदत ठेव मोडली, आणि उरलेल्या पैशांसाठी मी घरून फराळ करून विकायला लागले. चकल्या बऱ्या होतात माझ्या. ज्याचं घर सगळ्यात अडलेलं त्याला आधी, असं करत करत सगळ्यांचे पैसे द्यायला १४ महिने लागले. राईच्या आजींकडे गेले तर त्या पैसे घेईचनात. "ठेव तुझ्याकडेच. घरात आले तर खर्च होतील, मग होडीतलं घर राहूनच जाईल," म्हणाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये, जमा रकमेतून, त्यांना केरळला नेलं. हाऊसबोटीत बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या खाडीसारखंच आहे गं. फक्त कचरा नाही!"

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, तिकीट दोन मिनिटांत निघतं, मग मावशीचं दुकान कशाला? अगदी खरं आहे. साधं तिकीट काढायला येणारी माणसं फार कमी झाली. तत्काळ आरक्षणाचा तर जुलै २०२५ पासून पहिला अर्धा तास एजंटांना बंदच आहे. मी स्वतःच सांगते, तुमच्या खात्यावरून तुम्हीच काढा, पैसे वाचवा. माझ्याकडे येतात ते वेगळ्या कारणांनी. आजोबांचे गुडघे दुखतात, वरचा बर्थ आला तर काय? (६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना जागा असेल तर खालचा बर्थ देतात, पण सहा जणांच्या तिकिटात त्यांना कोंबलं की ती सोय हातची जाऊ शकते. मग त्यांचं तिकीट वेगळं काढायचं.) वीस जणांत सहा जण कांदा-लसूण खात नाहीत, सूर्यास्ताआधी जेवतात, मग गाडी कुठे थांबवायची? पासपोर्टवर नाव एक आणि विमानाच्या तिकिटावर दुसरं, असं झालं तर विमानतळावरून परत यावं लागेल, ते आधी कोण तपासणार? आणि तुमच्यासारख्यांचा प्रश्न : धाकट्याचं तिकीट लागतं का? पाच वर्षांखाली नाही. पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, आईच्या बर्थवर दाटीवाटीने झोपणार असाल तर अर्धं. हा नियम एप्रिल २०१६ पासूनचा आहे. आता ठरवा, बर्थ हवा की आई!

हा धंदा तुम्हाला जमेल का, हे पाहायचं असेल तर यंदाच्या सुट्टीत एक खेळ खेळा. घरच्या सहा जणांना, त्यांत एक आजी आणि एक लहान मूल हवंच, भाईंदर स्टेशनहून घोडबंदरच्या किल्ल्यावर नाहीतर उत्तनच्या समुद्रावर घेऊन जा. बस कुठून, कितीला सुटते, तिकीट किती, हे आधी स्वतः जाऊन विचारून या. आजींना बसायला जागा कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, उन्हाच्या वेळी काय करायचं, सगळं एका वहीत लिहा. सगळ्यांकडून पैसे आधी गोळा करा आणि संध्याकाळी पै-पैचा हिशेब द्या. पाऊस आला आणि सहल रद्द झाली, तर खाऊसाठी आधीच खर्च झालेले पैसे कोणाला किती परत द्यायचे, तेही निघायच्या आधीच ठरवून वहीत लिहा. ही वही आईबाबांना दाखवा, आणि कधी नवघर रोडला आलात तर मलाही.