सोलापूरची सून

डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेलेला आणि तिथेच वारलेला हा सोलापूरचा डॉक्टर. भैय्या चौकातल्या त्यांच्या जुन्या घराचं स्मारक 2012 च्या जानेवारीत लोकांसाठी खुलं झालं. त्याच वर्षी 28 जूनला, चीनमधल्या दालियन या बंदराच्या शहरात, त्या घरची सून वारली. क्वो छिंगलान त्यांचं नाव, वय 96. डॉक्टर गेले तेव्हा त्या ऐन पंचविशीत होत्या. संसार जेमतेम वर्षभराचा झाला आणि पुढे तब्बल सत्तर वर्षं त्या जगल्या. आपण त्यांना ओळखतो ते त्या एका वर्षापुरतं, आणि ही गोष्ट मला फार सलते.

आपल्या मनातली छिंगलान घडवली चित्रपटकार व्ही. शांताराम यांनी, म्हणजे शांतारामबापूंनी. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून 1946 साली त्यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा सिनेमा काढला. स्वतः त्यात डॉक्टर झाले आणि जयश्रीबाईंना छिंगलान केलं. शेवटी मरणाच्या दारात असलेले डॉक्टर बायकोला आपलं सोलापूरचं घर डोळ्यांपुढे उभं करून सांगतात आणि पडद्यावर ती लेकराला घेऊन त्या घरी पोचते. आमच्या आधीच्या पिढीच्या बायका हा प्रसंग सांगतानासुद्धा पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांच्या लेखी ती घरी आली होती, मापटं ओलांडून आत आली होती. सिनेमा मुंबईत लागला तेव्हा खऱ्या छिंगलानबाई मात्र चीनमध्येच होत्या. मुलगा चार वर्षांचा होता, जपानशी चाललेलं युद्ध संपून वर्ष होत नाही तोच देशात यादवी पेटली होती. पडद्यावरची गोष्ट संपली, तेव्हा त्यांच्या वाट्याचं बहुतेक सगळं अजून पुढेच होतं.

त्या शान्शी प्रांतातल्या. जन्म 1916 चा. नर्सिंगचं शिक्षण घेतलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, म्हणजे त्या काळाच्या चीनमध्ये चांगल्या शिकलेल्या बाई. मनात आणलं असतं तर एखाद्या शहरात बऱ्यापैकी नोकरी करून राहता आलं असतं. त्या गेल्या जपान्यांशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेच्या डोंगराळ मुलखात, आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागल्या. शाळेला नाव होतं नॉर्मन बेथून यांचं. हा कॅनडाचा सर्जन जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना बोट कापून, त्यात विष भिनून 1939 च्या नोव्हेंबरात गेला होता. बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात छिंगलानबाईंनी डॉक्टरांना पहिल्यांदा पाहिलं. हा परदेशी माणूस चिनी बोलतो, थोडंफार लिहितोही, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटलं.

काँग्रेसने 1938 साली चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. बाकीचे एकेक करून परतले. कोटणिसांना तर चीनमध्ये पोचल्यावर थोड्याच दिवसांत वडील गेल्याची बातमी कळली होती, तरी ते राहिले. 1941 च्या जानेवारीत बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छिंगलानबाईंशी त्यांचं लग्न झालं.

सोलापुरात लग्न म्हटलं की गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा डोळ्यांसमोर येतो. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते, आणि अख्खं गाव अक्षता टाकायला लोटतं. कोटणिसांच्या या लेकावर गावाला अक्षता टाकता आल्या नाहीत. सासरचं एकही माणूस मांडवात नव्हतं. मांडव तरी कुठला! रुग्णालयच खेड्यातल्या घरांतून चालायचं. शत्रू जवळ आला की जखमींना खांद्यावर घेऊन दुसऱ्या गावी हलायचं. जेवायला बहुतेक वेळा राळं. उत्तर चीनचं ते रोजचं धान्य. आपल्याकडे भोगीला राळ्याचा भात करतात. सोलापूरच्या मुलाने तो घरी खाल्ला असणार असं मला उगीच वाटतं, आणि हजारो मैलांवरच्या त्या ताटात एवढं एक तरी ओळखीचं असावं याचं बरं वाटतं.

1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा. त्यातला 'यिन' भारताचा आणि 'ह्वा' चीनचा. आठव्या मार्ग सेनेचे जनरल न्ये रुंगचन यांनी सुचवलेलं हे नाव.

डॉक्टरांना अपस्माराचे झटके येत होते. उपचारांसाठी आघाडी सोडून जा असं वरिष्ठ सांगत होते, ते ऐकत नव्हते. दिवसभर शस्त्रक्रिया आणि शिकवणं, शिवाय शस्त्रक्रियेवरच्या पाठ्यपुस्तकाचं लेखन. ही ओढाताण छिंगलानबाई दोन डोळ्यांनी पाहत होत्या, बायकोच्या आणि नर्सच्या. साध्या गृहिणीला निदान आशेचा आडोसा असतो. झटका किती वेळ टिकला, दोन झटक्यांमधलं अंतर कसं कमी होत चाललंय, याचा अर्थ ज्या बाईला पुरता कळतो, तिने तो आडोसा कुठून आणायचा? 8 डिसेंबरच्या रात्री झटके थांबेनात. 9 डिसेंबर 1942 च्या सकाळी डॉक्टर गेले. वय 32. लेकरू साडेतीन महिन्यांचं.

सोलापुरात आईपर्यंत ही बातमी पोचली ती किती हातांमधून, याचा विचार करवत नाही. आणि तिकडे तान्हं मूल घेऊन ही बाई युद्धाच्या मुलखातच राहिली.

यापुढची एक गोष्ट आपण सांगताना बहुधा गाळतो. छिंगलानबाईंनी पुढे पुन्हा लग्न केलं, त्यांना आणखी मुलं झाली. वीरपुरुषाची विधवा म्हटली की आपल्याला ती पांढऱ्या पातळात, तसबिरीखाली बसलेली हवी असते. मला त्यांचं दुसरं लग्न पहिल्याइतकंच आदराचं वाटतं. कथेतल्या कुंभारकन्येला योगदंडाशी लग्न लावून थांबावं लागलं. छिंगलानबाई थांबल्या नाहीत, दालियनला नवं घर उभं केलं, आणि जुनं नातं मात्र काडीइतकंही तुटू दिलं नाही. कोटणिसांच्या माणसांना भेटायला त्या पुढे अनेकदा भारतात आल्या. त्यांच्या नणंदाही चीनला जात राहिल्या. इथे कितीतरी घरांत मुलगा गेला की सून परकी होते, तिची भांडीकुंडी वेगळी काढली जातात. या घराने पुन्हा लग्न झालेल्या सुनेला आपलं मानलं आणि तिनेही या घराला. त्यासाठी कोटणीस मंडळींपुढेही हात जोडावेसे वाटतात.

मधे भारत-चीन युद्धाचं 1962 आलं. नवऱ्याचा देश आणि आपला देश सीमेवर एकमेकांवर बंदुका रोखून उभे! त्या दिवसांत दालियनच्या घरात काय चाललं असेल, याचा अंदाज आपल्याला कुठून यायचा? पाच वर्षांनी त्याहून मोठा घाव बसला. यिनह्वा बापासारखाच डॉक्टर व्हायला निघाला होता, शिक्षण संपत आलं होतं. 1967 साली तो गेला. उपचारांतल्या चुकीने गेला असं सांगतात. पंचविशीही पुरी झाली नव्हती. जिने आयुष्यभर वैद्यकाची सेवा केली, जिचा नवरा वैद्यकापायी झिजला, तिचा मुलगा असा जावा! दोन देशांच्या नावाचं ते पोर गेलं आणि कोटणिसांचा रक्ताचा धागा चीनमध्ये तुटला.

एवढं झाल्यावर एखादीने दार लावून घेतलं असतं तर तिला कोणी बोल लावला नसता. छिंगलानबाई म्हातारपणातही बोलत राहिल्या, लिहीत राहिल्या. डॉक्टरांबरोबरच्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. भारतातून कोणी मोठा पाहुणा चीनला आला की त्यांना मानाने बोलावणं जायचं, आणि त्या जायच्या. एखादी बाई अशा समारंभांत शोभेची बाहुली होऊन बसते. त्यांच्याजवळ मात्र सांगायला ऐकीव काही नव्हतं. दोन सरकारं ज्या मैत्रीवर भाषणं करत, तिच्यासाठी त्यांनी नवरा दिला होता आणि त्या मैत्रीचं नाव ल्यायलेला मुलगा गमावला होता.

चीनने 1982 आणि 1992 साली कोटणिसांवर टपाल तिकिटं काढली, भारताने 1993 साली. शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथून आणि कोटणीस यांच्या समाध्या आहेत, आणि छिंगमिंगच्या सणाला, म्हणजे त्यांच्या पितृस्मरणाच्या दिवशी, लोक तिथे फुलं वाहतात. हे सारं डॉक्टरांचं, आणि ते रास्तच आहे. पण ज्या खेड्यात ते गेले तिथे त्यांच्या उशाशी कोण होतं, त्यांच्या शेवटच्या वर्षाचे बारकावे जगाला कोणी सांगितले, त्यांचं आजारपण, त्यांचा हट्ट, त्यांचं मोडकंतोडकं ते सफाईदार होत गेलेलं चिनी कोणी लक्षात ठेवलं? कोटणीस आज आपल्याला पुतळ्यापलीकडचे, हाडामांसाचे वाटतात, त्यात या बाईंच्या आठवणींचा वाटा फार मोठा आहे.

10 ऑक्टोबर हा डॉक्टरांचा जन्मदिवस, 9 डिसेंबर पुण्यतिथी. या दोन तारखांच्या जोडीला सोलापूरने 28 जून ही तारीखही मांडावी. भैय्या चौकातल्या त्या घरात शहरातल्या नर्सिंगच्या मुलींना बोलवावं आणि छिंगलानबाईंची हकीकत त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावी: शान्शीची मुलगी, बेथून शाळेतली शिक्षिका, कोटणिसांची बायको, यिनह्वाची आई, दालियनचा दुसरा संसार, आणि शहाण्णव वर्षांपर्यंत सासरच्या माणसांशी राखलेलं येणं-जाणं. त्यातलं दुसरं लग्न गाळू नये. येत्या जूनपासून हे सहज सुरू करता येईल. त्याला ना सरकारी मंजुरी लागते, ना निधी.