डाव्या हाताचा अंगठा

होळीच्या आधी बहिणीला, आक्काला घेऊन तिच्या गावच्या रेशन दुकानात गेलो होतो. तिनं मशीनवर अंगठा ठेवला. जुळला नाही. लुगड्याला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "मावशी, दुसरं बोट लावा." तिनं एकेक करत दहाही बोटं लावून बघितली. मागं रांग वाढत होती. शेवटी तिनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "चल, उद्या सुनंला पाठवते."

बाहेर आल्यावर मी तिचा हात उजेडात धरला. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. ताम्रपर्णीच्या पात्रातल्या गोट्यासारखा गुळगुळीत अंगठा, कडेला काळपट.

आक्का एकवीस वर्षं काजूच्या कारखान्यात आहे. चंदगडच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. फाल्गुन-चैत्रात आमच्या रस्त्यांवरून जाताना टरफलं जाळल्याचा तो तेलकट, घशाला लागणारा धूर येतो, तेव्हा प्रत्येकाला आपल्या घरातली कुठली तरी बाई आठवते. बी बॉयलरमधून उकडून येते, बायका कटरवर बसून ती फोडतात, सुईनं गर काढतात. टरफलातलं तेल जहाल असतं, कातडी जाळतं. मग बोटांना राख लावायची, नाहीतर गोडं तेल. तरी कातडी जातेच. आक्काच्या कारखान्यात बॉयलरवर आणि पोती उचलायला पुरुष आहेत, त्यांना हजेरी मिळते. फोडायला, सोलायला, निवडायला बायका, त्यांना किलोवर. मोठ्या गरापासून तुकड्यापर्यंतची प्रतवारी आक्का अंधारातही करील. ३२० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात सुमारे ३२० गर, हे तिनंच मला सांगितलं.

पण तिचा हात धरून उभा असताना मला आठवला तो दुसराच अंगठा, आत्तीचा.

साल १९८३. मी आठ वर्षांचा. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. आत्ती सासरहून आली होती, आदल्या रात्री गोडाचं जेवण झालं होतं. सकाळी बाबा, आत्ती आणि हट्ट करून मी, तिघं चंदगडला कचेरीत गेलो. टेबलावर पत्र्याच्या डबीत निळी शाई. कारकुनानं आत्तीचा डावा अंगठा धरला, शाईवर फिरवला आणि कागदावर दाबला. बाजूला लिहिलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मग दुसऱ्या पानावर. मग तिसऱ्या. काम झाल्यावर आत्तीनं इकडंतिकडं बघितलं. शाई पुसायला चिंधी मागायची तिला लाज वाटली असावी. तिनं हात पदराआड नेला आणि अंगठा आपल्या केसांना पुसला.

एवढंच. त्या दिवसातलं मला बाकी फारसं आठवत नाही. परतताना भजी खाल्ली की नाही, एस.टी. मिळाली की चालत आलो, काही नाही. आत्तीनं केसांना पुसलेला अंगठा मात्र बेचाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे. तिच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांत निळा डाग राहिला होता, तो संध्याकाळी चुलीपुढं दिसला.

तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे पुढं कळलं. त्यात लिहिलेलं असतं की मी माझा हक्क स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय भावाच्या नावे सोडत आहे. आमच्या कागदात आणखी एक शब्द आहे, साडीचोळी. आत्तीला साडीचोळी दिली, तिची काही तक्रार नाही. या शब्दाचा मला आयुष्यभर राग आला आहे. ज्या जमिनीत ती आईच्या पाठीला बांधून चिखलात नाचली, रोप लावलं, नाचणी भांगलली, त्या जमिनीची बरोबरी लुगड्याशी! त्या दिवशी आणलेलं लुगडं हिरवं होतं. बाबांनी ते उधारीवर घेतलं होतं आणि फार प्रेमानं घेतलं होतं, हेही खरं. बाबा वाईट नव्हते. गावात सगळे भाऊ असंच करत होते आणि सगळ्या बहिणी असंच देत होत्या.

मध्यंतरी ठशांचा इतिहास वाचनात आला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवला. हेतू हा, की माणसानं मागाहून नाकबूल होऊ नये. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. वर्गीकरणाची रीत बसवली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, नाव मात्र लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. हे वाचताना मी थांबलो. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हे मी सातबाऱ्यावर बघत आलो होतो.

सातबाऱ्यावर बायकांची एक ठरलेली जागा असायची. मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागायची आणि बहिणींची उजवीकडं 'इतर हक्क' या रकान्यात. जिथं विहिरीतला वाटा, सोसायटीचा बोजा लिहितात, त्याच रकान्यात घरातली लेक. आणि हक्कसोड झालं की त्या नावाला कंस होतो. तलाठी असंच म्हणतात, "नावाला कंस झाला." आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे. कंस मात्र कंसच आहे.

१९५६ हे साल आमच्या तालुक्याला पाठ असतं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा तुटून कोल्हापुरात आला. सीमेचं दुःख आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो आहोत. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी मीही घोषणा दिल्या आहेत आणि उद्याही देईन. पण त्याच वर्षी जूनमध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि बापाच्या मिळकतीत लेकीला वारसा मिळाला, हे मला कितीतरी वर्षं कोणी सांगितलं नाही. गावं कोणत्या राज्यात असावीत यावर पारावर रात्री रंगायच्या. लेकीचं नाव कोणत्या रकान्यात असावं, यावर एक रात्रही गेली नाही.

आक्काचं लग्न मे १९९३ चं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्यांना वगळून. तेरा महिन्यांनी आक्का बाहेर राहिली. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली, लग्नाची अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ च्या त्या तारखेला बाप जिवंत होता की नव्हता याचा संबंध नाही.

बाबा २००९ मध्ये गेले. आई त्याआधीच गेली होती. वारस आम्ही दोघंच. कायदा आक्काच्या बाजूनं होऊन चार वर्षं झाली होती, आणि मला ते माहीत होतं. तरी मी तिला कचेरीत नेलं. तिला सही येते, सातवी झालेली आहे. सही झाली, फोटो झाला आणि मशीनवर अंगठा ठेवायची वेळ आली. तिला काजूत तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील. ठसा येईना. "जरा घासा, ओला करा, दाबून ठेवा," असं चाललं होतं. तिसऱ्यांदा उमटला. मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

घेताना उमटलेला अंगठा आता पाच किलो धान्य देताना उमटत नाही.

मी तिला तेव्हा विचारलं होतं, निदान विचारल्यासारखं केलं होतं. ती म्हणाली होती, "मला काय करायची हाय जमीन? माझं येणं-जाणं ऱ्हाऊ दे." या वाक्यावर आमच्या भागातले किती सातबारे उभे आहेत! बहिणीला ठाऊक असतं की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. नागपंचमीला कोणी आणायला येणार नाही, बाळंतपणाला, आजारपणाला दार नसेल. तिच्यापुढं जमीन आणि माहेर यांतलं एकच ठेवलेलं असतं. भावापुढं दोन्ही असतात.

लोक विचारतात, आता बाई-पुरुष असा भेद राहिला कुठं? मुली शिकतात, गाडी चालवतात, पोलिसात जातात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि शासनानं तो राज्यापुढं ठेवला. हे सगळं मला मनापासून मोठं वाटतं. पण उत्तर हवं असेल तर कुठल्याही गावचा सातबारा काढून कंस मोजावेत. एखादी ग्रामसभा असाही ठराव का करत नाही, की आमच्या गावात लेकीच्या नावाला कंस होणार नाही?

रेशन दुकानातून परतल्यावर आठ दिवसांनी मी वकिलांकडं गेलो. आक्काचा हिस्सा तिला परत करायचा म्हणालो. त्यांनी समजावलं की हक्कसोड उलटं फिरत नाही, आता बक्षीसपत्र करावं लागेल. बहिणीनं भावाला हक्क सोडायचा तर मुद्रांक नाममात्र असतो. भावानं बहिणीला बक्षीस द्यायचं तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. बक्षीस! तिचंच तिला देताना कागदावर हा शब्द येणार, याचा त्रास मला अजून होतो आहे.

घरी सांगितलं. मुलगा गप्प राहिला. बायको चुलीवरचं दूध उतरवत होती, तिनं वळून न बघता विचारलं, "आणि माझं?"

माझ्या सासऱ्यांच्या मागं तिनंही तिच्या भावाला हक्कसोड दिलं आहे. त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो होतो, साक्षीदार म्हणून माझी सही आहे. परतताना तिनं एसटीच्या खिडकीकडं तोंड केलं होतं. काय वाटतंय, हे मी विचारलं नाही. आत्तीलाही कोणी विचारलं नव्हतं. बायकोच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. मेव्हण्याशी बोलायचं ठरवलं आहे, अजून धीर झालेला नाही.

आक्काला फोन केला तेव्हा ती आधी घाबरली. म्हणाली, "असं का बाबा? माझं काय चुकलं?" मी सांगितलं, दोन एकर आठ गुंठ्यांतले निम्मे, ४४ गुंठे, वरच्या अंगाचे, काजूची झाडं आहेत तो भाग. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे पंचमीला मी यायचं न्हवं?"

"यायचं," मी म्हणालो. "तुझ्याच रानात यायचं."

येत्या सोमवारची वेळ मिळाली आहे. ती सकाळच्या गाडीला पाटणे फाट्यावर चढेल. मशीनवर अंगठा उमटणार नाही, हे धरून आधार कार्ड आणि ओळखीचे दोन साक्षीदार तयार ठेवले आहेत. खिशात एक स्वच्छ रुमालही घेतला आहे.