मांजरेचे मासे

आमच्या गांवाखालून मांजरा वाहते. 'वाहते' हें म्हणावयाचें. उन्हाळ्यांत ती बहुधा वाळूंत झोपलेलीच असते. बालपणीं मामांबरोबर मी तिच्या डोहांत गळ टाकून तासन्‌तास बसत असें. नदी पुढें कोठें जाते, असें विचारलें कीं मामा म्हणत, "जाते परमुलखांत, अन् फिरून येते."

मामांचें म्हणणें भूगोलास धरून होतें. बालाघाटांत उगम पावलेली मांजरा बिदरावरून तेलंगणांत शिरते, आणि उत्तरेस वळून नांदेडच्या सरहद्दीला लागत गोदावरीस मिळते.

गेल्या वर्षीं मला मूत्रमार्गाचा दाह झाला. डॉक्टरांनीं सात दिवसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशीं बरें वाटलें, आणि उरलेल्या गोळ्या मीं मोरींत टाकून दिल्या. घर स्वच्छ ठेवल्याचा थोडा अभिमानही वाटला!

त्याच सुमारास पाटणचेरूची हकीकत वाचनांत आली. हैदराबादेजवळील हें औषधी कारखान्यांचें गांव. सुमारें ९० कारखान्यांचें सांडपाणी जेथें शुद्ध होई, तेथून बाहेर पडणारें पाणी स्वीडनच्या संशोधकांनीं तपासलें. २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या 'शुद्ध' पाण्याच्या एका लिटरांत ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन होतें. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तांतही इतकें सांपडत नाहीं. एका दिवसांत सुमारें ४५ किलो औषध वाहून जात होतें. ९० लाख वस्तीच्या स्वीडनला तें पांच दिवस पुरलें असतें! आणि हें पाणी ओढ्यांवाटे मिळत होतें आमच्या मांजरेला.

अशा औषधानें मासा तडकाफडकी मरत नाहीं. त्याच्या आंतड्यांतले उपकारक जंतु मात्र मरतात, पचन आणि प्रतिकारशक्ति क्षीण होते. उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतु, आणि ते आपली विद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसही शिकवितात. ५०० पट सौम्य केलेल्या त्या सांडपाण्यांतही बेडकांच्या पिलांची वाढ सुमारें ४० टक्क्यांनीं खुंटली. अर्थात् त्यांत इतरही औषधें होतीं. सारा दोष एकाच गोळीवर लादणें न्यायाचें नव्हे.

कारखान्यांस शिव्या देऊन मोकळें व्हावें, तर धाकट्या भावाचा विषमज्वर याच गोळ्यांनीं उतरलेला आठवतो. त्या इतक्या स्वस्त कशा, हें तेव्हां आम्हीं विचारलें नव्हतें.

यंदा माझा दाह पुन्हां उद्भवला. तपासणीच्या कागदावर सिप्रोफ्लॉक्सासिनपुढें 'प्रतिरोधी' असें लिहिलें होतें. अर्धवट उपचारामुळें कीं आणखी कशामुळें, कोण सांगणार? दुसऱ्या, महागड्या औषधानें तो हटला.

परवां गांवीं गेलों. मामा आतां थकले आहेत, तरी काठी टेकीत डोहावर आले. थोड्या वेळानें एक इवलासा मासा गळास लागला. पाटणचेरू नदीच्या पार खालच्या अंगास. तिकडचें पाणी इकडे चढणें शक्य नाहीं, हें मला पक्कें ठाऊक होतें. तरी त्या थरथरत्या अंगाला हात लावतांना बोटें अडखळलीं.

"लहान आहे रे," असें म्हणून मामांनीं तो सोडवून पाण्यांत टाकला आणि गळाला नवें गांडूळ लावलें.