मांगराचं जोतं

खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा ओला आणि मऊ असतो. कुऱ्हाडीने हवा तसा तासावा. उघड्यावर पडून राहिला की त्यातली ओल उडते, आतलं लोह हवेने घट्ट होत जातं, आणि मग त्याच चिऱ्यावर लोखंडाची धार बोथट होते. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारात हे पाहिलं आणि १८०७ साली छापून आलेल्या प्रवासवृत्तांतात लिहून ठेवलं की आपण भारतात पाहिलेल्या कुठल्याही विटेपेक्षा हा दगड हवापाणी जास्त सोसतो. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाबा घरकामासाठी आणलेले चिरे परड्यात रचून ठेवत आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत गवंड्याला हात लावू देत नसत. "चिऱ्याक एक पावस दाखवूक व्हयो," असं म्हणत. त्या थप्पीवर बसून मी पाढे पाठ केले. परकराच्या मागे कायम तांबडा डाग असे आणि तो आईला कधीच पुरता काढता आला नाही.

आमचं घर चिऱ्याचं, मातीत रचलेलं, वर चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं. मागे मांगर. त्यात गुरं, भाताचं गवत, नांगर, पावसाळ्याची लाकडं. मांगराला गिलावा कुणी करत नाही. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला झडीने भोकं पाडली होती आणि त्या भोकांत मी गुंजा लपवून ठेवत असे. पुढे गुरं गेली, मग गवत गेलं, मग छप्पर. जोतं तेवढं राहिलं, आणि त्यावर गुडघाभर भिंती.

लग्न होऊन मी पुण्याला गेले. तिथला दगड काळा, आणि आमच्या वाट्याला तोही नव्हता, सगळं सिमेंट. उभं आयुष्य ज्या इमारतीत काढलं तिचा आर्किटेक्ट कोण, हे मला कधी कळलं नाही. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती ती बिल्डरच्या नावाची. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या न्हाणीघरासमोर का उघडते, हे कुणाला विचारायचं? आपलं राहतं घर कुणीतरी विचार करून काढलेलं असतं, त्या माणसाशी बोलता येतं, हे तेव्हा मनात आलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर गावी लहानसं घर बांधायचं ठरवलं. आमच्याकडे वडील गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं आणि बहीण सही करते. १९५६च्या कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीची झाली, तरी सह्या होतच राहतात. दादाने तो कागद माझ्यापुढे कधी आणला नाही. सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव लागलं आणि त्याबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. घराचं मी बोलले तेव्हा त्याने एवढंच म्हटलं, "तुका घर व्हया तर बांध. माझो वारो अडवू नको."

गवंड्याने लगेच दोरी मारून जागा दाखवली: रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेला, सपाट. ट्रक दारापर्यंत येईल, पाया सोपा. त्याचं म्हणणं त्याच्या कामापुरतं चोख होतं. पण दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा त्याच बाजूने दादाच्या पडवीत शिरतो, आणि मला दादाचं वाक्य कानातून काढता येईना. म्हणून मी आर्किटेक्ट बघायचं ठरवलं. गावात याचं नवल झालं. वाडीत घर बांधायला गवंडी असतो, सुतार असतो. कागदावर रेघा मारायचे पैसे कशाला? मला ते पैसे कधीच जड वाटले नाहीत. कोण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकतो यालाही १९७२चा कायदा आहे. पाच वर्षांचं शिक्षण आणि आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. तरी नोंदणीचा आकडा पाहून माणूस ठरवता येत नाही. मी सावंतवाडीची एक मुलगी निवडली, ती पहिल्या भेटीत पेन्सिल न काढता परड्यात हिंडली म्हणून.

विहीर किती खोल, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं, तिने विचारलं. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, ही पहिली गोष्ट तिने वहीत लिहिली. मग प्रश्न माझ्याकडे वळले. पहाटे उठल्यावर आधी कुठे बसता? श्रावणात कपडे कुठे वाळत घालता? गुडघे कसे आहेत? आणि एक असा, की पडवीत बसलेले आम्ही सगळेच गप्प झालो: "काकू, काकांच्या घरातून तुमच्याकडे येताना छत्री लागावी की नको?" मी विचार करत होते तोवर वहिनी आतून म्हणाली, "छत्री कित्याक?"

मृगाचा पाऊस धरल्यावर ती पुन्हा आली, मुद्दाम. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पागोळ्यांचं पाणी कुठून वाहतं, खळ्यात कुठे तुंबतं, माडांच्या आळ्यांकडे कसं वळतं, हे रेनकोट घालून तिने पाहिलं आणि जागा सांगितली: मांगराची. मूळ घराच्या ईशान्येला असल्यामुळे दादाचा वारा मोकळा राहतो. पाण्याची वाट जोत्याला वळसा घालून आधीच ठरलेली आहे. ज्याने कुणी तो मांगर घातला, त्याने हे सगळं बघूनच घातला असणार, असं ती म्हणाली. तो घालणाऱ्या माझ्या पणजोबांना तिने व्यवसायबंधू मानलं, याचा मला फार आनंद झाला. एकाच आवारात दुसरं घर घालायचं तर पहिल्या घराचं काय काय जाणार याची यादी आधी व्हायला हवी, आणि ती यादी करणारा माणूस घरातला नसलेला बरा. मी केली असती तर दादाने संकोचून निम्म्या गोष्टी सोडून दिल्या असत्या.

चिरा उघडा ठेवायचा की गिलावा करायचा, यावर मात्र आमचं बरंच बोलणं झालं. मला लाल भिंत हवी होती. शाळेच्या सहलीबरोबर जुन्या गोव्याला गेले होते तेव्हा बॉम जीझसची ती तांबडीभोर भिंत पाहून मला माहेर आठवलं होतं. तिने सांगितलं, १६०५ साली पुरी झालेली ती इमारत मुळात गिलाव्याची होती. १९५०च्या दशकात बाल्टाझार कॅस्ट्रो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गिलावा काढून टाकला आणि तेव्हापासून तिथला चिरा पावसात झिजतो आहे. समोरचं से कॅथेड्रल पांढरंच राहिलं. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. वरून चुना असला तर प्यायलेलं पाणी पुन्हा बाहेर पडतं, कडक सिमेंट फासलं तर ते आतच अडकतं. मला मांगराच्या भोकांतल्या गुंजा आठवल्या. ठरलं ते असं: पश्चिम आणि दक्षिण बाजूंना चुन्याचा गिलावा, वळचण चांगली तीन फूट बाहेर, आणि आतल्या भिंती उघड्या. चिरा उघडा ठेवून त्याला चकाकी देणारं रसायन लावण्याची हल्ली रिसॉर्टांत पद्धत आहे. ते मला बघवत नाही. दगडाचा श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

मांगराचे जुने चिरे ती वापरणार आहे. हाताने तासलेले, कमीजास्त मापाचे. प्रत्येकावर टिकावाचे तिरके घाव. आता खाणीत यंत्राची पाती फिरते आणि सगळे चिरे एका मापाचे निघतात. गवंड्याला तेच सोयीचे, आणि त्याचं खोटं नाही, जुन्याने मजुरी वाढते. पण सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन खाणी पाहिल्या की वाढीव मजुरी पटते. चौकोनी खड्डे, पावसात हिरवं पाणी, भोवती काहीच उगवत नाही. याच कातळावर मालवण तालुक्यात कुडोपीला माणसांनी हजारो वर्षांपूर्वी आकृत्या कोरल्या. कोकणातली ती कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पावसानंतर सड्यावर इंचभर मातीत फुलं येतात. एका घरापुरते का होईना, चिरे वाचवता येत असतील तर वाचवायचे.

नकाशा आता पक्का आहे. एक खोली, पुढे पडवी, न्हाणीघर, आणि दादाच्या मागच्या दारापर्यंत कौलारू वाट. स्वयंपाकघर वहिनीने दोनदा कमी करून घेतलं. चहापुरतं असू दे, जेवायला इकडे यायचं, असं तिने माझ्यादेखत आर्किटेक्टला बजावलं आणि त्या मुलीने ते मान्यही केलं. यावर मी भांडले. मला माझी चूल हवी आहे, पुण्याहून लेक आली तर तिला माझ्या हातचं घालायला. शेवटी ओट्याची लांबी वाढली आणि पडवी तेवढी आखडली.

काम दिवाळीनंतर. चुना मात्र त्याआधी काही आठवडे भिजायला हवा आणि त्यासाठी खड्डा लागतो. गवंडी म्हणतो, चुन्यात काम करणारे हात आता फार थोडे उरलेत, त्याच्या काकाला विचारून बघतो. दादाने खड्ड्याची जागा दाखवली आहे, फणसाखाली. आर्किटेक्टने ती नापसंत केली, मुळांना चुना बाधेल म्हणून. रविवारी ती दुसरी जागा बघायला येणार आहे.