तळ्यावाचूनच्या आसरा

आमच्या आजीच्या बोटांना भर दुपारी दहीभाताचा आणि भिजल्या हळदीचा वास यायचा. ती वाईकडची, कृष्णाकाठची. तिच्या माहेरी डोहाच्या कडेला शेंदूर माखलेले सात गोटे होते. त्या साती आसरा, हिरव्या चुड्याच्या, टळटळीत उन्हात पाण्यावर येऊन केस वाळवणाऱ्या. मच्छी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी ही नावं ती तांदूळ निवडता निवडता घ्यायची, आणि मासे, कासवं, खेकडे, बेडूक, मगरी यांच्यासकट अख्खा डोह शेवाळाच्या वासानं आमच्या माजघरात उतरायचा. ओल्या बाळंतिणीनं पाणवठ्याकडे फिरकू नये, मोकळ्या केसांनी तर नाहीच. आणि आसरांनी धरलंच, तर खण, बांगड्या, काजळ, फणी देऊन त्यांची समजूत काढावी.

लग्न होऊन ती बेंगळुरात आली, आणि तिला तिच्या आसरा भेटल्या त्या मॅजेस्टिकजवळच्या अण्णम्माच्या देवळात. तिथंही सातजणी बहिणी. "या माझ्याच की गं," असं ती आईला म्हणाली होती. हे देऊळ एके काळी धर्मांबुधी तळ्याच्या काठी होतं, आणि ते तळं जुन्या पेठेची तहान भागवायचं. १८९० च्या दशकात हेसरघट्ट्याचं पाणी नळानं आलं, तळ्याची गरज सरली, ते आटलं, त्याचं मैदान झालं आणि पुढं मैदानावर बसस्थानक. आजी आली तेव्हा पाणी केव्हाच गेलेलं. म्हणून ती घरून तांब्याभर पाणी न्यायची, पदराखाली झाकून, गच्च भरल्या बसमध्ये थेंब न सांडता. ते पायरीशी ओतायची आणि भिजल्या दगडाचा वास घेत बसायची, भोवती डिझेलचा धूर आणि कंडक्टरांच्या हाका असल्या तरी.

संपंगी तळ्याचंही तेच झालं. तिथं आता कंठीरव स्टेडियम आहे. चैत्री पौर्णिमेच्या करगा उत्सवासाठी तेवढं एक लहानसं कुंड राखलंय. मोगऱ्यानं मढलेला करग्याचा घट डोक्यावर घेऊन पुजारी रात्रभर पेठेतून फिरतो, गल्ल्या सुगंधानं जड होतात. आजी ते कुंड पाहून विचारायची, "एवढ्याशा पाण्यात सातजणी मावतील का रे?"

आयर्लंडात, स्कॉटलंडात पवित्र झऱ्यांकाठच्या झाडांना लोक चिंध्या बांधतात, रशियातली रुसाल्का नदीकाठी बसून लांब केस विंचरते, असं कुठं वाचलं की मला आजी आणि तिनं आसरांसाठी आणलेली ती लाकडी फणी आठवते, आणि वाटतं, जगभरच्या बायकांनी पाण्यातल्या या पोरींना किती ओळखून घेतलं होतं, त्यांचे हट्ट, त्यांचा राग, त्यांची नटायची हौस.

आजीमागून आईनं थोडे दिवस चालवलं. आता घरात आसरांचं कुणी करत नाही. नळ सोडला की कावेरी येते, शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी चढवलेली. या पाण्याला काठ नाही, गोटे मांडायचे कुठं, ओटी भरायची कुणाची? माझी मुलगी न्हाऊन मोकळ्या केसांनी ऐन बाराला बाहेर पडते. तिला हटकावं असं फार वाटतं, पण कुठल्या पाण्याकडे जाऊ नकोस म्हणून सांगू?