उलटं डोकं

आमच्या घरात चूक लाल शाईने दाखवली जायची. दादा पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. संध्याकाळी घरी येताना त्यांच्या पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी प्रूफांची गुंडाळी असायची आणि जेवणं झाली की दिव्याखाली त्यांची शिकार सुरू व्हायची. ऱ्हस्वाचं दीर्घ, पडलेला काना, उडालेला अनुस्वार. कधी एखादा खिळाच उलटा बसलेला असायचा. मग दादा समासात खूण करून पुटपुटायचे, "जुळारी झोपला होता. पण पहिलं प्रूफ वाचणारा काय करत होता?"

अशा माणसाच्या मुलाला छपाई चुकलेली पोस्टाची तिकिटं जमवण्याचा नाद लागावा! "मी आयुष्यभर ज्या चुका काढून टाकल्या, त्या हा पैसे देऊन घरात आणतो," असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आवाजात तक्रार असायची, पण पूर्ण नाही.

हा नाद लागला एका चित्रामुळे. 1854 सालचं भारताचं चार आण्यांचं तिकीट मी एका पुस्तकात पाहिलं. लाल चौकटीत निळ्या रंगात व्हिक्टोरिया राणीचं डोकं, आणि ते चक्क खाली. ही तिकिटं कलकत्त्याला, सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, कॅप्टन थुईलियर यांच्या देखरेखीखाली छापली गेली. जिथे नकाशे छापायचे तिथेच, शिळाछापाने. जगातल्या सुरुवातीच्या दुरंगी तिकिटांपैकी हे एक. दोन रंग म्हणजे प्रत्येक कागद दोनदा छापायचा, एकदा लाल चौकटी, एकदा निळी डोकी. दोन्ही वेळा कागद त्याच बाजूने घालायला हवा. कुणीतरी, कधीतरी, एखादा कागद फिरवून घातला. बस्स, एवढंच. त्या घटकेला कुणाच्या लक्षात आलं नाही. टपाल कचेरीत विकणाऱ्याच्या नाही, पाकिटाला चिकटवणाऱ्याच्या नाही, शिक्का मारणाऱ्याच्याही नाही. निदान कुणी बोललं तरी नाही. राणी डोकं खाली करून गावोगाव गेली. आज अशी तिकिटं जगात तीसच्या आसपास उरली आहेत, आणि त्यातली काही कुणीतरी कात्रीने कोपरे उडवून अष्टकोनी करून ठेवलेली आहेत. तेव्हा तीच रीत होती, छान दिसतं म्हणून.

दादांना ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "दुसऱ्यांदा तपासणारा कोण होता?" बाकी काही नाही.

पुढे कळत गेलं की हा प्रश्नच या छंदाचं मूळ आहे. चूक काय, रोज होते. छापखान्यात कागद दुमडतो, रंग संपतो, भोकं पाडणारं यंत्र एखादी रांग सोडून देतं. ग्रॅव्ह्यूर छपाईत तर सिलिंडरवरची जास्तीची शाई खरवडून काढायला एक पातळ पातं असतं, त्याला डॉक्टर ब्लेड म्हणतात. त्याच्या धारेत बारीक कचरा अडकला की तिकिटांवरून शाईची एक रेघ ओढली जाते. असे कागद तपासणीत वेगळे काढून नष्ट करायचे असतात. जे सुटतात आणि सुटून टपालाच्या खिडकीवर छापील किमतीला विकले जातात, तेवढेच आमचे. खिडकीवरून येण्यालाच सारा मान. छापखान्याच्या मागच्या दाराने बाहेर काढलेला रद्दी कागद कितीही चमत्कारिक असला, तरी जाणकार त्याला हात लावत नाहीत. मलाही हे पटतं. चूक प्रामाणिक हवी.

अमेरिकेतल्या 'उलट्या जेनी'ची गोष्ट म्हणूनच इतकी चघळली जाते. 1918 च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत रोबी नावाच्या माणसाने हवाई टपालाची 24 सेंटची शंभर तिकिटं, अख्खा कागद, 24 डॉलरला घेतला. पाहतो तर शंभरही विमानं पाठीवर उडताहेत! आठवड्याभरात त्याने तो कागद 15,000 डॉलरला विकला. या गोष्टीतली मिठाई त्या खिडकीत आहे. कारकुनाने पैसे मोजून घेतले, कागद दिला, संपलं.

याच्या उलट 1962 चा प्रकार. संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव डाग हॅमरशोल्ड आदल्या वर्षी विमान अपघातात गेले, त्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेने चार सेंटचं तिकीट काढलं. काही कागदांवर पिवळा रंग उलटा छापला गेला. न्यू जर्सीतल्या एका जवाहिऱ्याकडे असा कागद निघाला. तो बिचारा हरखला असणार. पण अमेरिकेच्या टपाल खात्याच्या प्रमुखांनी काय करावं? मुद्दाम, जाणूनबुजून, तशीच चुकीची चार कोटी तिकिटं छापून घेतली! जवाहिऱ्याने कोर्टाची पायरी चढून पाहिली, पण तिकिटं बाजारात आली ती आलीच. आज ते तिकीट कुणालाही चिल्लरीत मिळतं. लोक म्हणतात, खात्याने न्याय केला, कुणाचीही लॉटरी लागू दिली नाही. मला तो निव्वळ खडूसपणा वाटतो. झोपेत बोललेलं वाक्य जागेपणी चार कोटी वेळा बोलून दाखवण्यातला.

आपल्याकडेही असं एक तिकीट आहे, आणि ते माझं सर्वांत लाडकं. 15 ऑगस्ट 1949 ला स्वतंत्र भारताने पुरातत्त्वाची मालिका काढली. छपाई नाशिकची. तिच्यात एक आण्यावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे, निळसर हिरव्या रंगात. मूर्तीचं चित्र छापताना ते आरशात पाहावं तसं उलट छापलं गेलं. पुढच्या वर्षी, 1950 साली, दुरुस्त तिकीट आलं. माझ्याकडे दोन्ही आहेत, एकाच पानावर शेजारी शेजारी. नुसत्या डोळ्यांना आधी काहीच कळत नाही. मग भिंग धरलं की एका तिकिटातला हात एका बाजूला, दुसऱ्यातला दुसऱ्या बाजूला. कमरेचा बाक तसाच फिरलेला. दोन तिकिटं एकमेकांकडे पाहणाऱ्या दोन माणसांसारखी दिसू लागतात. एवढी मोठी चूक! अख्खी मूर्तीच डावीची उजवी. पण किंमत? चहा-भज्यांइतकी. कारण ती चूक लाखोंच्या संख्येने घराघरांत पोचली होती. एक कुणी डुलकी घेतली तर ते दुर्मिळ, सगळ्यांनी मिळून घेतली तर ते नेहमीचं.

आणि बदनामी कुणाच्या वाट्याला येईल तेही सांगता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं 1855 चं चार पेनीचं एक तिकीट 'उलटा हंस' म्हणून जगप्रसिद्ध आहे. नीट पाहिलं तर हंस सरळच आहे, शिळेवर उलटी गेली ती भोवतालची चौकट. पण नाव पडलं हंसाचं.

माझीही एक 'दुर्मिळ चूक' होऊन गेली. मी सातवीत होतो. पाकिटांवरची तिकिटं कापायची, वाटीभर पाण्यात भिजवायची, सुटली की खिडकीच्या काचेवर चिकटवून वाळवायची, ही माझी पद्धत. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे निघालो तेव्हा काचेवरून तिकिटं काढताना एकावरचा लाल रंग गायब दिसला. छातीत धडधडलं. कॅटलॉगमध्ये अशा रंग गळलेल्या तिकिटांच्या किमती मी पाठ केल्या होत्या. फोर्टात फुटपाथवर तिकिटं विकणारे एक काका होते, त्यांच्यापुढे मी ते बटर पेपरच्या पाकिटातून काढून ठेवलं. त्यांनी चिमट्याने उचललं, उजेडात तिरपं धरलं, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर चिमट्याचं टोक टेकवलं. तिथे नखाएवढ्या जागेत लाल रंग जशाच्या तसा होता.

"इथे दुसरं तिकीट चढलं होतं ना? खिडकीत वाळवतोस?"

मी मान हलवली. उन्हाने उडालेला रंग तो, छापखान्याने विसरलेला नव्हे. काका हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. उलट त्यांनी मला भोकं कापून टाकलेली 'बिनभोकांची' तिकिटं कशी ओळखायची ते दाखवलं: शेजारचं नेहमीचं तिकीट वर ठेवून पाहायचं, बनावट हमखास आखूड भरतं. ते फिकट तिकीट मी अजून ठेवलं आहे.

दादा निवृत्त झाले तोवर खिळे जाऊन ऑफसेट आलं होतं. त्यांच्या हातून सुटलेली एकच चूक घरात सगळ्यांना माहीत होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर खुद्द कवीच्या नावातला काना पडला होता. पाचशे प्रती बांधून झाल्यावर ते लक्षात आलं. बरोबर नावाच्या चिठ्ठ्या छापल्या गेल्या आणि दादांनी दोन रात्री बसून, खळ लावून, प्रत्येक प्रतीत स्वतःच्या हाताने चिठ्ठी डकवली. आईने खळ शिजवून दिली होती.

काही वर्षांपूर्वी लक्ष्मी रस्त्याजवळ रद्दीच्या ढिगात मला तो संग्रह दिसला. सवयीने पान उलटलं. चिठ्ठी नव्हती. पडली असेल म्हणून खळीचा डाग शोधला, बोट फिरवून पाहिलं, पान उजेडात धरलं. कागद अगदी कोरा, गुळगुळीत. ही एक प्रत त्यांच्या नजरेतून निसटली होती. वीस रुपयांना घेतली. दादा तेव्हा होते, दिसायचंही त्यांना बऱ्यापैकी. पण मी दाखवली नाही. ती आता अल्बमच्या कपाटात आहे, बोधिसत्त्वांच्या खालच्या कप्प्यात, आणि विकायची नाही.

तुमच्या घरी ट्रंकेत आजोबा-पणजोबांची पत्रं असतील, तर एक विनंती. तिकिटं कापू नका, भिजवू नका. जुन्या तिकिटाचं मोल बऱ्याचदा पाकिटासकट, शिक्क्यासकट असतं. पाकीट आहे तसं कोरड्या जागी ठेवा, जमलं तर भिंगाखाली धरून एकदा नीट पाहा. आणि काहीही झालं तरी खिडकीत वाळत घालू नका.