धरणे आणि सोडणे

गास गावाने सायकलीचे सगळे दिवस पाहिले आहेत. वाडीतली भाजी, केळी, फुले कॅरिअरला बांधून आमची वडीलधारी माणसे नालासोपारा स्टेशन गाठीत. त्या सायकलींचा ब्रेक उघडा होता. हँडलखालच्या सळ्या रबरी गुटके ओढीत आणि ते चाकाच्या रिमवर घट्ट बसत. काय बिघडले ते नजरेला कळे. आता आमची मुले डोंगरी सायकल घेऊन तुंगारेश्वरच्या बाजूला जातात. तिचा डिस्क ब्रेक तेलावर चालतो आणि त्याचे दुखणे आत दडलेले असते.

त्यामागचे तत्त्व मात्र जुने आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) याने मांडले. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. ब्रेकची मूठ दाबली की नळीतील तेल कॅलिपरमधल्या पिस्टनांना पुढे ढकलते आणि पॅड पोलादी चकती दोन्ही बाजूंनी धरतात.

धरण्याचे हे काम सर्वांच्या ध्यानात येते, सोडण्याचे येत नाही. पिस्टनाला मागे आणते ते त्याच्याभोवतीचे रबरी सील. दाबाबरोबर ते किंचित मुरडते आणि मूठ सुटताच पूर्ववत होताना पिस्टनाला केसभर मागे खेचते. पॅड झिजतात तसा पिस्टन अधिक बाहेर राहतो. त्या उघड्या अंगावर धूळ-चिखल साचला की त्याची हालचाल अडखळते. एक पिस्टन आळसावतो, दुसऱ्यावर सारा भार येतो, पॅड चकतीला घासत राहतो.

पावसाळा सरल्यावर आमच्या पुतण्याच्या सायकलीचे मागचे चाक असेच जड फिरू लागले. "काका, कॅलिपर बदलूनच टाकू या," तो म्हणाला. "आधी उघडून तर पाहू, बाळा," आम्ही म्हटले, आणि अंगणात बसलो.

चाक आणि पॅड काढले. पॅडना तेलाचा थेंबही लागता कामा नये, म्हणून ते कोऱ्या कागदावर दूर ठेवले. एक पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने अडवून मूठ हलकेच दाबली आणि दुसरा दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणला. त्याहून पुढे आणला, तर तो निसटून तेल सांडते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्याच्या कडा पुसल्या. काडी काळी झाली. मग ब्रेकमध्ये असते त्याच तेलाचा थेंब कडेला लावून पिस्टन सरळ मागे ढकलला. असे चार-पाच वेळा केल्यावर दोन्ही पिस्टन जोडीने हलू लागले. उरलेले तेल पुसून काढले.

तेलाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. काही ब्रेकना मिनरल ऑईल लागते, काहींना डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे घातल्यास सील फुगून निकामी होते. पिस्टनला तडा गेला असेल किंवा तेल गळत असेल, तर घरगुती उपाय न करता जाणत्या कारागिराकडे जावे.

चाक बसवल्यावर कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवले, मूठ दाबून धरली आणि मग ते आवळले. त्यामुळे कॅलिपर चकतीच्या मधोमध बसतो. मूठ घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबली आणि सायकल फाटकाच्या आतच चालवून पाहिली. हा शेवटचा भाग कुणीही टाळू नये. उतारावर ब्रेकची परीक्षा घेणारा स्वतःबरोबर रस्त्यावरच्या पोराबाळांचाही जीव पणाला लावतो.

नवीन कॅलिपर लागलाच नाही. अर्धा तास, थोडा कापूस आणि धीर एवढेच पुरले. यंत्र असो वा माणूस, अडलेल्याला जोर लावण्याआधी कुठे काय साचले आहे ते पाहावे, एवढे पुतण्याला त्या दिवशी न सांगता कळले असावे. पुढच्या आठवड्यात त्याने पुढचा ब्रेक आपल्या हाताने उघडला.